दुय्यम खात्याचा कारभार

बेळगावहून निपाणीकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर काकती हे गाव लागते. कित्तूरच्या राणी चन्नम्मेचे माहेर म्हणून त्याचे नाव इतिहासात आहे. आज मात्र सकाळच्या पाळीच्या वेळी या रस्त्याने जाणाऱ्याच्या नजरेत भरतात ते काकती आणि होनग्याच्या कारखान्यांकडे जेवणाचे डबे घेऊन निघालेले कामगार. याच रस्त्याने पुढे निपाणी गाठावी, तर तंबाखूच्या वखारींत आणि घराघरांतून विड्या वळणाऱ्या स्त्रियांचे राबणारे हात दिसतात. या माणसांच्या आयुष्यात कायदा शिरतो तो पगाराच्या दिवशी. किमान दर किती, विम्याची वजावट किती, जादा तासांचे काय, भरपगारी रजा उरली की सरली, एवढ्याच प्रश्नांपुरता त्यांचा राज्यकारभाराशी संबंध येतो. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि कामगारविषयक २९ जुने कायदे त्यांच्या पोटात गेले. जे कायदे असे पडद्याआड गेले, त्यांपैकी कित्येकांचा पाया ज्या माणसाने घातला, त्याच्या त्या चार वर्षांच्या कारभाराची आठवण या निमित्ताने करणे आम्हांस अगत्याचे वाटते. ते गृहस्थ म्हणजे डॉ. भीमराव रामजी आंबेडकर.

राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून बाबासाहेबांना सारा देश ओळखतो. महाडचा सत्याग्रह, पुणे करार आणि नागपूरची धर्मदीक्षा हेही शाळकरी मुलांस ठाऊक असते. परंतु जुलै १९४२ ते १९४६च्या मध्यापर्यंत ते हिंदुस्थान सरकारचे मजूरमंत्री होते, ही गोष्ट चरित्रकार बहुधा एखाद्या प्रकरणात उरकतात. पदाचे अधिकृत नाव मंत्री असेही नव्हते. ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सभासद होते. या मंडळाला विधिमंडळाचा विश्वास गमावल्यास राजीनामा देण्याची गरज नव्हती आणि विधिमंडळाचा पाठिंबा मिळाला म्हणून व्हाइसरॉयच्या इच्छेविरुद्ध काही करण्याचीही मुभा नव्हती. खात्याखात्यांतही उच्चनीच होतेच. अर्थखाते सर जेरेमी रेझमन यांच्याकडे, गृहखाते सर रेजिनाल्ड मॅक्सवेल यांच्याकडे; तिजोरी आणि पोलीस या राज्याच्या दोन्ही किल्ल्या इंग्रजांच्या हाती. मजूरखाते हे हिंदी माणसास निर्धास्तपणे देता येईल असे खाते मानले जाई. १९३७ पर्यंत तर ते स्वतंत्रही नव्हते. उद्योग आणि कामगार मिळून एकच खाते होते, आणि त्या जोडीत कामगार हे नाव मागून येई. असे दुय्यम खाते, पाठीशी मोठा पक्ष नाही, डोक्यावर परके सरकार आणि भोवती महायुद्ध, अशा स्थितीत एका माणसाने काय करून दाखविले, हा प्रश्न आजही विचार करण्याजोगा आहे.

या खात्यावर बाबासाहेबांची नेमणूक झाली ती योगायोगाने नव्हे. कामगारांचे जिणे त्यांनी पुस्तकांत वाचण्याआधी डोळ्यांनी पाहिले होते. त्यांचे मूळ घराणे रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे गावचे. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते. त्यांच्या नोकरीच्या ठिकाणी, महू येथे, १४ एप्रिल १८९१ रोजी बाबासाहेबांचा जन्म झाला. निवृत्तीनंतर हे कुटुंब दापोली, सातारा असे करीत मुंबईस आले आणि परळच्या गिरणगावात चाळीत राहिले. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला आणि पुढे लंडनमध्ये अर्थशास्त्राची सर्वोच्च पदवी मिळविणारा हा विद्वान कित्येक वर्षे परळच्या चाळीतील लहानशा खोल्यांतच नांदला. भोवताली सारी गिरणीकामगारांची वस्ती. त्या वस्तीत एक विपरीत गोष्ट सर्वांच्या अंगवळणी पडलेली होती. गिरणीतल्या विणखात्यात मजुरी अधिक असे. पण तुटलेला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, म्हणून स्पृश्य कामगार अस्पृश्यांना तेथे पाऊल ठेवू देत नसत. मालकाविरुद्ध संपाच्या वेळी सगळे एक, आणि चांगल्या मजुरीच्या खात्याचे दार मात्र काहींना बंद, हा न्याय बाबासाहेबांना मान्य नव्हता. कामगार पुढाऱ्यांशी त्यांचे जे मतभेद झाले, त्यांच्या मुळाशी हे शल्य होते.

आमच्या या सीमाभागाशीही त्यांचा संबंध फार जुना आहे. डिसेंबर १९२४ मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली बेळगावास काँग्रेसचे अधिवेशन भरले, ही गोष्ट येथे अभिमानाने सांगितली जाते आणि ते योग्यच आहे. त्यानंतर अवघ्या चार महिन्यांनी, एप्रिल १९२५ मध्ये, निपाणीस मुंबई इलाख्यातील बहिष्कृतांची प्रांतिक परिषद बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली भरली, ही गोष्ट मात्र फारशी कोणी सांगत नाही. बेळगाव जिल्हा त्या वेळी मुंबई इलाख्यातच होता. या भागातील त्यांचे निष्ठावंत सहकारी बळवंतराव वराळे यांनी धारवाडचे विद्यार्थी वसतिगृह सांभाळले आणि १९३७च्या निवडणुकीत ते बेळगाव जिल्ह्यातून मुंबई विधानसभेवर निवडून गेले. ज्या पक्षाच्या वतीने ते निवडून आले, त्याचे नाव ध्यानात घेण्याजोगे आहे. त्या पक्षाचे नाव स्वतंत्र मजूर पक्ष.

ऑगस्ट १९३६ मध्ये बाबासाहेबांनी हा पक्ष काढला तेव्हा जातीचे नाव बाजूस ठेवून श्रमाचे नाव पुढे केले, हे त्यांच्या विचारातील मोठे वळण होते. पहिल्याच निवडणुकीत पक्षाने सतरा जागा लढविल्या आणि त्यांतील बहुतेक जिंकल्या. किनारपट्टीच्या वाचकांनी तर या पक्षाचे विशेष स्मरण ठेवावयास हवे. कोकणातील खोती पद्धती नष्ट करण्याचे विधेयक बाबासाहेबांनी सप्टेंबर १९३७ मध्ये मुंबई विधानसभेत मांडले. खोताच्या जाचाखाली पिचलेल्यांत महार होते, तसेच कुणबी, आगरी, भंडारीही होते. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातील हजारो शेतकरी बोटींनी आणि पायी मुंबईस आले आणि त्यांचा मोर्चा विधानसभेवर गेला. विधेयक त्या वेळी मंजूर झाले नाही. खोती कायद्याने नष्ट झाली ती स्वातंत्र्यानंतर, १९४९च्या कायद्याने. त्याच १९३८ सालच्या फेब्रुवारीत मनमाड येथे रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांपुढे बोलताना त्यांनी कामगारांचे दोन शत्रू दाखवून दिले, एक भांडवलशाही आणि दुसरी जन्मावरून माणसाची किंमत ठरविणारी वृत्ती. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध मुंबईत मोठा संप झाला. संपाचा हक्क जखडून टाकणाऱ्या त्या विधेयकास विरोध करण्यासाठी बाबासाहेब आणि साम्यवादी पुढारी, एरवीचे परस्परविरोधक, एका व्यासपीठावर आले. विधेयक संमत झाले, पण त्या दिवसाने कामगारांचे पुढारी म्हणून बाबासाहेबांचे स्थान निर्विवाद केले.

अशा माणसाने १९४२ साली इंग्रजांच्या कार्यकारी मंडळात जागा स्वीकारली, याबद्दल त्यांच्यावर त्या काळी कडक टीका झाली आणि आजही होते. ती टीका टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत छोडो भारत ठराव झाला, दुसऱ्या दिवशी पहाटे देशाचे पुढारी तुरुंगात गेले, सातारा जिल्ह्यात पुढे पत्री सरकार उभे राहिले. आणि त्याच काळात बाबासाहेब दिल्लीत सरकारी आसनावर बसले होते. ज्या सरकारने गोळ्या झाडल्या त्या सरकारचे ते सभासद होते, ही वस्तुस्थिती आहे. त्यांची भूमिका अशी होती की, जर्मनी आणि जपानचा विजय झाला तर हिंदुस्थानचे स्वातंत्र्य आणि अस्पृश्यांची मुक्ती दोन्ही दूर जातील. आणि राज्य कोणाचेही असो, ज्यांच्या हाती सत्तेचा कणही कधी आला नाही त्यांनी तो मिळेल तेथून घ्यावा. ही भूमिका ज्यांना पटत नाही त्यांच्या देशभक्तीविषयी आम्हांस आदरच आहे. पण राज्यकर्त्याचे मोजमाप तो कोणत्या आसनावर बसला एवढ्यावरच करावयाचे नसते. तेथे बसून त्याने कोणाचे काम केले, याचाही हिशेब मांडावा लागतो.

तो हिशेब मांडावयास एक तारीख पुरेशी आहे. छोडो भारत ठरावाच्या आदल्या दिवशी, ७ ऑगस्ट १९४२ रोजी, नव्या मजूरमंत्र्यांनी दिल्लीत एक परिषद भरविली. केंद्र, प्रांत आणि संस्थानांची सरकारे, गिरणीमालक व कारखानदार आणि कामगारांचे प्रतिनिधी असे तिन्ही पक्ष एका टेबलाभोवती बसले. आज या रचनेचे कोणास नवल वाटणार नाही. त्या काळी मात्र कामगारांचे गाऱ्हाणे सरकारपर्यंत अर्जाच्या रूपाने जाई आणि बहुतेक वेळा कलेक्टरच्या दप्तरातच पडून राही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेत जी त्रिपक्षीय पद्धत रूढ होती, ती येथे कायमची व्हावी म्हणून पूर्ण परिषद आणि तिची स्थायी समिती अशा दोन संस्था उभ्या राहिल्या. पुढील चार वर्षांत जे जे कायदे झाले, त्यांपैकी बहुतेकांचा कच्चा खल प्रथम या टेबलावर झाला. मालक आणि मजूर यांनी समोरासमोर बसावे आणि सरकारने दोघांचे ऐकावे, ही साधी गोष्ट राज्यकारभाराच्या रीतीत बसविणे हेच या मंत्र्याचे पहिले काम होय.

दुसरे काम माहिती गोळा करण्याचे. अर्थशास्त्राचा हा पंडित आकड्यांवाचून बोलत नसे. १९४४ साली सनदी अधिकारी दि. वि. रेगे यांच्या अध्यक्षतेखाली कामगार चौकशी समिती नेमली गेली आणि तिने देशातील ३८ उद्योगांत मजुरी, तास, घरे, कर्ज, मुलांची आणि बायकांची कामे यांची पाहणी केली. तिच्या अहवालमालेत विडी, चिरूट आणि सिगारेटच्या धंद्यावर एक स्वतंत्र अहवाल आहे. निपाणीच्या वखारीत तंबाखूच्या धुळीत खोकणाऱ्या बाईचा प्रश्न हा राष्ट्रीय प्रश्न आहे, हे सरकारी कागदपत्रांत अशा रीतीने नोंदले गेले. औद्योगिक कामगारांसाठी आजारपणाच्या विम्याची योजना तयार करण्याचे काम १९४३ साली प्रा. बी. पी. आडारकर यांच्यावर सोपविले गेले; ऑगस्ट १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला. त्याच्या पायावर १९४८चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. कारखान्यातला माणूस आजारी पडला, यंत्रात बोट गेले, बाळंतपण आले, तर दवाखाना आणि निम्मा-अर्धा पगार मिळण्याची जी सोय झाली, तिचे मूळ येथे आहे.

तिसरे काम खाणींचे, आणि तेथे या चरित्रातील सर्वांत अवघड प्रसंग येतो. युद्धाला कोळसा हवा होता. खाणीतल्या मजुरांना लष्करी कामांवर अधिक मजुरी मिळू लागल्याने खाणी ओस पडत चालल्या. जमिनीखालच्या कामावर स्त्रियांना पाठविण्यास युद्धापूर्वीच बंदी झाली होती. १९४३ साली सरकारने ती बंदी उठविली. ज्या मंत्र्याने मुंबई कौन्सिलात १९२८ साली बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाची बाजू घेतली होती, त्याच्याच खात्याने बायकांना पुन्हा खाणीत उतरविले, यावर मध्यवर्ती विधिमंडळात आणि परदेशांतही टीका झाली. बाबासाहेबांनी या निर्णयाचे समर्थन केले ते युद्धकाळातील तात्पुरती निकड म्हणून. त्याचबरोबर स्त्रीला पुरुषाइतकीच मजुरी मिळाली पाहिजे, अशी अट घातली गेली. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसा खाणींच्या पाहणीस गेले, स्वतः खाणीत उतरले, मजुरांच्या झोपड्यांतून फिरले. खाणमजूर स्त्रियांच्या बाळंतपणाच्या कायद्यातील संदिग्धता त्यांनी दुरुस्ती आणून दूर केली. १९४४च्या जानेवारीत कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. खाणीतून निघणाऱ्या कोळशावर उपकर बसवून त्यातून घरे, पाणी, दवाखाने यांची सोय करावयाची, अशी ती योजना. युद्ध संपताच, १९४६च्या आरंभी, स्त्रियांवरील बंदी पुन्हा अमलात आली. या सर्वांमुळे मूळ निर्णयाचे ओझे हलके होते, नाहीसे होत नाही. दोन-अडीच वर्षे त्या बायका काळोखात उतरत होत्या. सत्तेत गेलेल्या सुधारकास कोणती किंमत मोजावी लागते, आणि ती बहुधा दुसऱ्याच कोणाच्या खिशातून जाते, हे या प्रकरणातून शिकण्यासारखे आहे.

रोजगाराचे दप्तर हेही याच खात्याचे. इंग्लंडात त्या वेळी अर्नेस्ट बेव्हिन हे कामगार पुढारी मजूरमंत्री होते आणि हिंदी कारागिरांना विलायतेत शिक्षणासाठी नेण्याची योजना त्यांच्याच नावाने ओळखली जाई. युद्ध संपल्यावर लाखो सैनिक घरी परतणार आणि त्यांच्या हाताला काम लागणार, हे ओळखून जुलै १९४५ मध्ये पुनर्वसन व रोजगार संचालनालय स्थापन झाले आणि रोजगार विनिमय केंद्रे उघडू लागली. मराठा पलटणीत भरती होऊन आफ्रिकेत आणि इटलीत लढून आलेल्या बेळगाव, सावंतवाडी, रत्नागिरीकडच्या जवानांच्या घरांना हा प्रश्न सांगावयास नको. नोकरी हवी असलेल्याने नाव नोंदवावे, माणूस हवा असलेल्या मालकाने तेथे मागणी करावी, मध्ये मुकादमाची दलाली नसावी, ही त्यामागची कल्पना. मुकादमाच्या मेहेरबानीवर गिरणीत लागणारी आणि त्याचा हप्ता भरता भरता कर्जबाजारी होणारी माणसे ज्याने परळमध्ये पाहिली होती, त्याला या कल्पनेचे मोल निराळे सांगावे लागले नसेल.

वीज आणि पाटबंधारे हे विषयही त्या काळी मजूरखात्याकडेच होते, हे फार थोड्यांना माहीत असेल. १९४३ साली बंगालमध्ये दामोदर नदीला महापूर आला. तेथे केवळ बंधारे दुरुस्त करून भागणार नाही, पूरनियंत्रण, वीज, सिंचन आणि जलवाहतूक यांचा एकत्र विचार केला पाहिजे, अशी भूमिका घेऊन बाबासाहेबांनी जानेवारी १९४५ मध्ये कलकत्त्यास संबंधित प्रांतांची परिषद घेतली. दामोदर खोरे महामंडळाची कल्पना त्या वाटाघाटींतून आकारास आली. नोव्हेंबर १९४५ मध्ये कटक येथे महानदीविषयी अशीच परिषद झाली. त्याच वर्षी मध्यवर्ती जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोग स्थापन झाला. वीज नसेल तर कारखाने नाहीत, कारखाने नसतील तर शेतीवरील माणसांचा भार हटत नाही, आणि तो हटला नाही तर खेड्यातील भूमिहीनाला जातीच्या धंद्यातून सुटका नाही, अशी त्यांच्या विचारांची सलग साखळी होती.

युद्ध संपले आणि सरकारचे दिवसही भरत आले. १९४६च्या आरंभी झालेल्या निवडणुकांत बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा दारुण पराभव झाला. एखादा राजकारणी अशा वेळी दप्तर आवरून मुंबईस परतला असता. यांनी ११ एप्रिल १९४६ रोजी मध्यवर्ती विधिमंडळात किमान वेतनाचे विधेयक मांडले. जेथे संघटना नाही, जेथे मजूर एकेकटा सौदा करतो आणि हरतो, अशा धंद्यांत सरकारने मजुरीची खालची मर्यादा ठरवून द्यावी, हे त्याचे सूत्र. विधेयक कायदा झाले ते स्वातंत्र्यानंतर, १९४८ साली. त्याच्या परिशिष्टात ज्या धंद्यांची नावे प्रथमपासून होती, त्यांत तंबाखू आणि विडीचा धंदा होता. त्याच १९४६ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन बारमाही कारखान्यांतील आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. त्यापूर्वी, १९४५च्या दुरुस्तीने, भरपगारी रजेचा हक्क कायद्यात आला होता.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख केला पाहिजे. बाबासाहेबांनी चौदा तासांचा दिवस आठ तासांवर आणला, असे अलीकडे सर्रास सांगितले जाते. तसे झालेले नाही. कामाचे तास पूर्वीच्या कायद्यांनी टप्प्याटप्प्याने कमी होत आले होते. शेवटचा आणि महत्त्वाचा टप्पा यांच्या कारकिर्दीत गाठला गेला. तसेच हे सारे एकट्याचे काम होते असेही नाही. कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावचे ना. म. जोशी त्याच विधिमंडळात कामगारांचे प्रतिनिधी म्हणून बसत आणि मजूरमंत्र्यांना धारेवर धरीत. रेगे आणि आडारकर यांच्यासारख्या अधिकाऱ्यांचे आणि अभ्यासकांचे श्रमही त्यांत आहेत. मोठ्या माणसाच्या पदरी न केलेले काम टाकल्याने त्याची थोरवी वाढत नाही. उलट त्याने जे केले त्याविषयीही उद्या शंका घेतली जाते.

पूर्ण न झालेल्या कामाचाही एक दाखला आहे. कामगार संघटनेला मालकाने मान्यता दिलीच पाहिजे, असे विधेयक या मंत्र्याने १९४३ साली मांडले आणि १९४६ साली पुन्हा आणले. १९४७ साली तो कायदा संमतही झाला. पण तो अमलात आणण्याची अधिसूचना कधी निघालीच नाही. विधिमंडळाने केलेला कायदा दप्तरात पडून राहिला आणि मान्यतेसाठी संप करणाऱ्यांच्या पिढ्या मागून पिढ्या झाल्या. वाटाघाटी करणाऱ्या संघटनेस मान्यता देण्याची तरतूद केंद्रीय पातळीवर आता कोठे औद्योगिक संबंध संहितेत आली आहे. मधल्या काळात किती कामगारांच्या नोकऱ्या त्यापायी गेल्या, याची मोजदाद कोण करणार?

१९४६च्या मध्यास जुने कार्यकारी मंडळ गेले. सप्टेंबरात आलेल्या हंगामी सरकारात मजूरखाते जगजीवनराम यांच्याकडे गेले आणि आधीच्या मंत्र्याने मांडलेली बरीच विधेयके त्यांच्या कारकिर्दीत कायदे झाली. स्वतंत्र भारताच्या पहिल्या मंत्रिमंडळात बाबासाहेब कायदामंत्री झाले. राज्यघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांत निर्वाह वेतन, कामाची मानवी परिस्थिती आणि प्रसूती साहाय्य यांचा उल्लेख आहे. तो लिहिताना धनबादच्या झोपड्या त्यांना आठवल्या नसतील असे कसे म्हणावे? १९५१ साली त्यांनी राजीनामा दिला तेव्हा हिंदू संहिता विधेयक हे त्याचे मोठे कारण होते. पण निवेदनात आणखीही एक खंत त्यांनी बोलून दाखविली होती. नियोजनासारखे अर्थकारणाचे आणि प्रत्यक्ष कारभाराचे खाते आपणास मिळाले नाही, ही ती खंत. मजूरखात्याचा गाडा चार वर्षे हाकलेल्या माणसाला नुसता कायद्याचा सल्लागार होऊन बसणे रुचले नाही. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले आणि दादरच्या समुद्रकाठी त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. त्या अंत्ययात्रेत गिरणगाव लोटले होते.

या चरित्राचा आजच्या राज्यकर्त्यांसाठी जो अर्थ आहे, तो आम्हांस स्पष्ट सांगावासा वाटतो. मंत्रिमंडळाचा विस्तार झाला की गृह, अर्थ, महसूल यांवर वादळे उठतात. कामगार, रोजगार, कौशल्य विकास ही खाती राज्यमंत्र्यांकडे, किंवा ज्याचे समाधान करावयाचे राहून गेले आहे त्याच्याकडे जातात. मिळालेले खाते दुय्यम म्हणून रुसणारे राज्यमंत्री आपण पुष्कळ पाहिले. त्यांनी हे ध्यानात घ्यावे की, ज्या माणसाची योग्यता अर्थमंत्र्याची होती त्याने दुय्यम खाते घेतले आणि त्यातून टिकणारी संस्थात्मक कामे उभी केली. खात्याची प्रतिष्ठा वाटपाच्या यादीतील क्रमांकावरून ठरत नाही. त्या खात्याच्या दारी कोण येतो आणि काय घेऊन परत जातो, यावरून ती ठरते.

दुसरा अर्थ कामगारांसाठी आहे. कायदा होणे आणि कायदा हाती येणे यांत मोठे अंतर असते. निपाणीच्या विडी आणि तंबाखू कामगार स्त्रियांना किमान वेतनाचे नाव १९४८ साली मिळाले. पण ठेकेदारामार्फत घरी काम देऊन कारखाना कायद्यातून निसटण्याची वाट मालकांना मोकळीच होती. ती बुजविण्यासाठी १९६६ साली विडी व सिगार कामगारांचा वेगळा कायदा करावा लागला. आणि तरीही निपाणीच्या स्त्रियांच्या पदरात प्रत्यक्ष काही पडू लागले ते १९८०च्या सुमारास त्या संघटित होऊन रस्त्यावर आल्या तेव्हा. आता ते दोन्ही कायदे नव्या संहितांत विलीन झाले आहेत. संहिता चांगल्या की वाईट, हा वाद होत राहील. आमचे म्हणणे एवढेच की, नाव बदलले तरी हक्क मधल्या मध्ये गळून पडता कामा नये, आणि निरीक्षक, नोंदवही व दवाखाना ही यंत्रणा कागदावर न राहता गावापर्यंत पोहोचली पाहिजे.

सीमाभागासाठी यात आणखी एक गोष्ट आहे. कामगारांसाठीच्या नियमांचा गोषवारा कारखान्यात बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावला पाहिजे, अशी तरतूद १९४८च्या कारखाना कायद्यात होती. तीमागे भाषिक अभिमान नव्हता. हक्क कळल्यावाचून मागता येत नाही, हे साधे शहाणपण होते. काकती, होनगा, बेळगाव, निपाणी येथे मराठी आणि कन्नड बोलणारे कामगार एकाच यंत्रावर, एकाच पाळीत उभे असतात. सीमेचा वाद न्यायालयात आहे. तो सुटेल तेव्हा सुटेल. तोवर पगाराचा दर, विम्याचे नियम आणि तक्रारीची वाट या दोघांनाही आपापल्या भाषेत वाचता आली पाहिजे, ही मागणी कोणत्याही सरकारने अडवू नये.

एप्रिल १९२५ मध्ये निपाणीच्या मांडवात जमलेल्या माणसांपैकी बहुतेकांना आपला अध्यक्ष पुढे दिल्लीत मंत्री होईल असे वाटलेही नसेल. सतरा वर्षांनी तो मंत्री झाला, आणि त्याच्या कायद्यातील धंद्यांच्या यादीत निपाणीचा धंदा आला. काकतीच्या रस्त्याने सकाळी डबा घेऊन निघालेल्या मुलाला हे ठाऊक असण्याचे कारण नाही. पण पगाराच्या दिवशी हातात पडणाऱ्या कागदावरील रकाने ज्यांना भरावयाचे असतात, त्या मालकांना, अधिकाऱ्यांना आणि मंत्र्यांना ते ठाऊक असले पाहिजे.